चुकीच्या नटीला शिकवणाऱ्या शोभनाकाकू

हॉलिवूडवाल्यांनी कुणाला कुठल्या भूमिकेत घेतलं आणि ते कसे तोंडावर आपटले, हा आमच्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळींचा जेवणानंतरचा हक्काचा विषय आहे. गोऱ्या नटाच्या तोंडाला तपकिरी रंग फासून त्याला महाराजा केला, आजी शोभेल अशा बाईला कॉलेजकन्या केलं, ज्याला हसू आवरत नाही त्याला सेनापती केलं. प्रत्येकाकडे आपापली उदाहरणं असतात, ती दर वर्षी तीच असतात, आणि आम्ही दर वर्षी तेवढेच हसतो. मी तर जरा जास्तच. माझं नाव शरयू. मूळची नागपूरची, गेली अठरा वर्षं मिशिगनमध्ये. नकला करायची खोड मला कॉलेजपासूनची. कुणी 'करून दाखव ना' म्हणायचा अवकाश, मी ओढणी खोचून उभी.

गेल्या ऑक्टोबरात एक सिनेमा आला आणि आमची चांदी झाली. त्याचं नाव मी लिहीत नाही, बिचाऱ्याला आधीच पुष्कळ शिव्या पडल्या आहेत. गोष्ट १९७४ सालची. अमेरिकेतलं विद्यापीठाचं गाव, पुण्याहून आलेली सुमती आणि तिचा संशोधक नवरा. नवरा अचानक जातो आणि त्याचं अर्धवट राहिलेलं काम सुमती पुरं करते. आता ही सुमती कोण? तर टेसा वॉर्विन. लाल केस, निळे डोळे, गालभर तांबूस ठिपके. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा निर्मात्यांनी पटकथेत घुसवलं की सुमतीची आई गोव्यातली पोर्तुगीज होती. टेसाचे केस काळे केले, डोळ्यांत तपकिरी लेन्स घातल्या आणि ठिपके मेकअपखाली गाडले. झाली सुमती तयार! 'आजवरच्या सर्वांत चुकीच्या निवडी' अशा ज्या याद्या इंटरनेटवर फिरतात, त्यांत हा सिनेमा पहिल्याच आठवड्यात जाऊन बसला.

त्यातही एक प्रसंग फार गाजला. हॉस्पिटलची खोली. डॉक्टर येऊन सुमतीला सांगतात की नवरा गेला. नर्स तिच्या हातात नवऱ्याच्या सामानाची पिशवी देते. सुमती पिशवीतून स्वेटर काढते, त्याची नीट घडी घालते, पुन्हा पिशवीत ठेवते, डॉक्टरांकडे बघते आणि कोऱ्या चेहऱ्याने म्हणते, "थँक यू, डॉक्टर. यू हॅव अ गुड डे." एवढंच. डोळ्यांत टिपूस नाही. आमच्या इथल्या थिएटरात लोक खदाखदा हसले. ती दहा सेकंदांची क्लिप जगभर फिरली. खाली लिहिलेलं असायचं, 'बॉसने वीकेंडला काम दिल्यावर मी', 'वायफाय गेल्यावर मी'. आपल्या लोकांनी तर मोठमोठे लेख लिहिले. भारतीय बाई अशी वागेलच कशी, आमच्या आया धाय मोकलून रडल्या असत्या, हे दुःख गोऱ्या नटीला कळणारच नाही, वगैरे. मी त्यातले दोन लेख पुढे पाठवले होते.

नोव्हेंबरात मंडळाचा दिवाळीचा पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचं जेवण, झाला, एका शाळेच्या कॅफेटेरियात. जेवणं झाली आणि आमचे मिहीरराव ओरडले, "शरयू, ते स्वेटरवालं करून दाखव यार!" मी कुणाचं तरी जॅकेट घेतलं. घडी घातली, मान वळवली, चेहरा भिंतीसारखा केला आणि म्हटलं, "यू हॅव अ गुड डे." लोक टेबलं बडवून हसले. वन्स मोअर मिळाला. दुसऱ्या रांगेत शोभनाकाकू बसल्या होत्या, हातात कागदी प्लेट. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. माझ्याकडे बघत त्यांनी चकलीचा उरलेला तुकडा खाल्ला.

शोभनाकाकू अडुसष्ट वर्षांच्या. मूळच्या मिरजेच्या, गेली चाळीस वर्षं ॲन आर्बरमध्ये. सत्तावीस वर्षं त्यांनी विद्यापीठाच्या लायब्ररीत पुस्तकं दुरुस्त करण्याच्या विभागात काम केलं. फाटलेली पानं, उसवलेल्या पाठी, उंदरांनी कुरतडलेले कोपरे. रिटायर झाल्यावर रविवारच्या मराठी शाळेत त्या सगळ्यांत लहान मुलांना शिकवायला लागल्या. पोरं त्यांना इंग्रजीत उत्तरं द्यायची, त्या पुन्हा मराठीत विचारायच्या, आवाज न चढवता, दहा वेळासुद्धा. मोठ्या मुलांना मी शिकवते आणि माझा आवाज पार्किंग लॉटपर्यंत ऐकू येतो. काकूंना हिवाळ्यात गाडी चालवायची भीती वाटते, म्हणून त्यांना न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे. माझा नवरा निमिष म्हणतो की तुला सख्खी सासू चालत नाही आणि ही चालते. खरं आहे. ही सल्ले देत नाही.

शशिकांतकाका चार वर्षांपूर्वी जानेवारीत गेले. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होते, हृदयाचं दुखणं. तिसऱ्या रविवारी काकू शाळेत हजर. लोक तोंडावर म्हणाले, किती खंबीर. पाठीमागे म्हणाले, हिला काही वाटतं की नाही? मी दोन्ही म्हटलं. त्यांच्या घरी गेलं की टीव्हीवर हवामानाचा चॅनेल लागलेला असायचा, आवाज बंद. आमटीत मीठ नसायचं आणि ते त्यांना कळायचंही नाही. एकदा मी हिय्या करून विचारलं, तर म्हणाल्या, "काही जाणवत नाही गं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपला ओठ असतो ना, तसं. आहे एवढं कळतं." मला वाटलं होतं वर्षभरात उतरेल. उतरलं नाही.

त्यांना एकच मुलगी, इला. नवरा देवांगबरोबर शिकागोला असते, फिजिओथेरपिस्ट आहे, छत्तीस वर्षांची. इथेच जन्मलेली. काका जायच्या आधी ती दर महिन्याला गाडी हाकत यायची. काका गेल्यावर येणं थांबलं, वर्षश्राद्धाला आली तेवढीच. दर रविवारी पाच मिनिटांचा फोन, त्यात हवापाणी, झालं. का, ते काकू कधी बोलल्या नाहीत. आणि त्याच नोव्हेंबरात, पॉटलकच्या आदल्या रविवारी, त्या फोनवर इलाने सांगितलं की तिला दिवस गेलेत, मेच्या एकोणीसची तारीख दिली आहे. पुढे म्हणाली, "वी हॅव अ डूला, मॉम. यू डोन्ट हॅव टू वरी. तू नंतर ये, जूनच्या एंडला, फॉर अ वीकेंड." डूला म्हणजे बाळंतपणात सोबतीला राहणारी, पैसे घेऊन येणारी बाई. पहिलं बाळंतपण, आई चार तासांच्या अंतरावर धडधाकट, आणि जून अखेरीला शनिवार-रविवार! आमच्या मंडळातल्या बायका लेकीच्या बाळंतपणासाठी सांगली-साताऱ्याहून तीन-तीन विमानं बदलून येतात. काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा हवामान सांगावं तसं सांगितलं. पण त्याच आठवड्यात शिकागोला चाललेल्या मंडळातल्या अमेयकडून त्यांनी तिथल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून अर्धा किलो डिंक मागवला आणि फ्रीजरमध्ये ठेवून दिला. त्यांना जायचं होतं. बोलावल्याशिवाय त्या जाणार नव्हत्या.

हां, तर पॉटलक. परत येताना गाडीत काकू पाय जुळवून, मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाल्या, "शरयू, स्वेटरची घडी तू चुकीची घातलीस. आधी बाह्या आत घ्यायच्या. मग मधून."

मला आधी गंमतच वाटली. मी म्हटलं, "काकू, तुम्ही पण ती क्लिप पाठ केलीत की काय?"

"ते तिचं नाही," त्या म्हणाल्या. "ते माझं आहे."

सिग्नल हिरवा झाला तरी मी तशीच. मागच्याने हॉर्न दिला.

एक गोष्ट मला माहीत होती, मंडळात दुसऱ्या कुणालाही नव्हती. टेसा वॉर्विनला मराठी काकूंनीच शिकवलं होतं. त्याच्या आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात सिनेमाचं शूटिंग आमच्याच गावात झालं. विद्यापीठात कुणीतरी काकूंचं नाव सुचवलं आणि सहा आठवडे टेसा त्यांच्या घरी शिकवणीला यायची, कानांवर टोपी ओढून. कुणाला सांगायचं नाही म्हणून काकूंनी कागदावर सही केली होती. मला कळलं, कारण एका मंगळवारी मी डबा द्यायला गेले तर डायनिंग टेबलावर टेसा वॉर्विन वरणभात खात होती, त्यावर अख्खं लिंबू पिळून. मी तोंडाला कुलूप लावलं. पण मला वाटायचं की काकूंनी तिला फक्त ळ आणि ण शिकवला असेल. ते तिला येतही होतं. सिनेमात सुमती नवऱ्याला "दमलात का हो?" म्हणते ते इतकं बरोबर म्हणते की कान टवकारावेत. पण समीक्षकांना मराठी येत नाही, आणि आम्ही ऐकायचंच नाही असं ठरवून गेलो होतो.

गाडी मी एका दुकानासमोर उभी केली आणि काकूंनी सरळ, सपाट आवाजात सगळं सांगितलं.

पटकथेत सुमतीचं रडणं होतं. जमिनीवर कोसळायचं, बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, आणि ओरडायचं. दिग्दर्शकाने काकूंना निरोप दिला होता की टेसाला अस्सल मराठी आक्रोश शिकवा. काकू टेसाला म्हणाल्या, "मला येत नाही." टेसाला वाटलं यांना संकोच वाटतोय. तिने विचारलं, "मग तुमच्या वेळी तुम्ही काय केलंत?"

"त्या दिवसानंतर मला हे कुणीच विचारलं नव्हतं," काकू म्हणाल्या. "सगळे विचारायचे, कशा आहात. काय केलंत, असं कुणी विचारलं नाही."

म्हणून त्यांनी करून दाखवलं. पहिल्यांदा हात पुसायचा टॉवेल घेऊन. मग टेसा म्हणाली, पुन्हा दाखवा. मग त्या वर गेल्या, हॉस्पिटलमधून आलेली पिशवी चार बोटं धूळ बसून कपाटात पडली होती ती काढली, आणि काकांचा राखाडी स्वेटर घेऊन खाली आल्या. अकरा वेळा करून दाखवलं. टेसाने सगळं उतरवून घेतलं, कुठे श्वास घेता, मान आधी वळते की डोळे. आणि ते वाक्यही काकूंचंच. चाळीस वर्षं इथे काढली. बँकेत, पोस्टात, दुकानाच्या काउंटरवर, लायब्ररीत दिवसाला पन्नासदा म्हटलेलं वाक्य. डॉक्टरांनी सांगितलं की तुमचे मिस्टर गेले आणि काकूंच्या तोंडातून ते आपोआप बाहेर पडलं. थँक यू, डॉक्टर. यू हॅव अ गुड डे.

"इला तिथे उभी होती म्हणे," काकू म्हणाल्या. "वर्षश्राद्धाला आली होती तेव्हा बोलली. बाबांना जाऊन दोन मिनिटं झाली नव्हती आणि तू त्या माणसाला हॅव अ गुड डे म्हणालीस. ते तिच्या डोक्यातून जात नाही." मग म्हणाल्या, "आता ती सिनेमा बघेल."

मला फार लाज वाटली. लाज हा शब्दही कमी पडतो. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तू चांगली करतेस नक्कल. फक्त घडी चुकली." मी त्यांना दारापर्यंत सोडलं, आणि त्या दिवसापासून मी कुणाचीही नक्कल केलेली नाही.

टेसाची मात्र धुलाई चालूच होती. माझं मत विचाराल तर अजूनही तेच आहे. ती भूमिका तिला द्यायला नको होती. आपल्यातल्या एखाद्या मुलीला मिळायला हवी होती, आणि गोव्याच्या पोर्तुगीज आईचा फाजीलपणा तर कुणी करूच नये. पण अख्ख्या सिनेमात लोक ज्याला सर्वांत जास्त हसले, तेवढंच तिने बघून, विचारून, जसंच्या तसं केलं होतं. जानेवारीत तिने काकूंना पत्र पाठवलं, हाताने लिहिलेलं. मी तुमचं नुकसान केलं, मला माफ करा, असं काहीतरी. काकूंनी उत्तरात दोनच ओळी लिहिल्या. तुझं बरोबर आलं होतं. घशाला थंडी लागू देऊ नकोस.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. दर रविवारी फोनच्या आधी काकू खुर्चीत ताठ बसायच्या. इला सिनेमाचं काही बोलायची नाही. काकूही नाही. तिचा सहावा लागला, सातवा लागला. जून अखेरीचं बदललं नाही.

मार्चच्या एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी काकूंच्या टेबलावर शाळेच्या वह्या तपासत बसले होते. बाहेर गाडी थांबली. ड्राइव्हवेमध्ये माझ्या गाडीच्या अगदी मागे लावून इला उतरली. पोट चांगलंच दिसत होतं. न कळवता आली होती. आत आली, कोट काढला नाही. मला "हाय, शरयूमावशी" म्हणाली आणि उभीच राहिली. मी वह्या गोळा करून निघायला उठले, तर माझी गाडी अडकलेली. त्या क्षणी 'बाई, गाडी काढ' म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी सिंकपाशी गेले आणि स्वच्छ असलेली भांडी पुन्हा घासायला लागले.

"मॉम, डिड यू टीच हर दॅट?" इला म्हणाली.

"हो," काकू म्हणाल्या.

इला इंग्रजीतच बोलत होती, मधेच एखादा मराठी शब्द. काकू मराठीत. त्यांचं लहानपणापासून तसंच चालतं, म्हणून मी सगळं मराठीतच लिहिते.

इला म्हणाली, "मी बघणारच नव्हते. काल रात्री देवांग बाहेरगावी होता, लावला. त्या सीनपर्यंत आले. तीन वेळा बघितला." तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "चार वर्षं सगळे मला सांगतायत, तुझी आई शॉकमध्ये होती, तिला कळत नव्हतं ती काय बोलतेय. माझी थेरपिस्ट सांगते, देवांग सांगतो. आणि तुला तर सगळं लक्षात आहे. बाह्या आधी आत घेतल्यास ते लक्षात आहे. पिशवी कुठल्या हातात होती ते लक्षात आहे. ती बाई हुबेहूब तू आहेस."

"हो," काकू पुन्हा म्हणाल्या.

"मग मी कुठे आहे?"

काकूंना कळलं नाही. म्हणाल्या, "सिनेमात त्या बाईला मूल नाहीये."

"सिनेमाचं नाही विचारत मी. तू तिला दाखवलंस तेव्हा. या टेबलाशी. तू तिला सांगितलंस, इथे डॉक्टर, इथे नर्स. मला कुठे उभं केलंस?"

काकूंनी टेबलाच्या एकेका बाजूवर बोट ठेवून बघितलं. मी नळ बंद केला, कारण त्याचा आवाज फार व्हायला लागला होता.

"डॉक्टर होते," काकू म्हणाल्या. "नर्स दाराशी होती. हिरवी खुर्ची होती. तू... तू म्हणालीस म्हणून मला माहीत आहे की तू होतीस. मला तू दिसत नाहीस, इला."

"मी तुझा हात धरला होता," इला म्हणाली. "पूर्ण वेळ. डॉक्टर आत आले तेव्हापासून. हा हात. आणि तो स्वेटर घडी करायला तू माझा हात सोडलास. मी पुन्हा धरायला गेले, तर तू झटकलास. आणि मग त्याला म्हणालीस, हॅव अ गुड डे. मॉम, मला त्या वाक्याचं काही नाही. लोक काय वाट्टेल ते बोलतात. तू माझा हात सोडलास."

काकूंनी आपला उजवा हात उलटा करून बघितला, पुस्तकाचं पान तपासावं तसा. त्यांचा चेहरा तसाच होता, क्लिपमधला. मी आत मरत होते.

"मला स्वेटर आठवतो," त्या म्हणाल्या. "वाक्य आठवतं. त्या दिवसातलं दुसरं काहीही माझ्याकडे नाही. बाबांना शेवटचं बघितलं का, आठवत नाही. घरी कशी आले, आठवत नाही. मी तिला दाखवलं, कारण माझ्याकडे तेवढंच होतं." मग म्हणाल्या, "तुझ्याकडे आहे का गं बाकीचं?"

इलाने खुर्ची बाहेर ओढली.

"असेल तर सांग मला."

इला कोट न काढताच खुर्चीत बसली. आणि सांगायला लागली. आधी तुटक, मग सलग. डॉक्टर गेल्यावर आपण दोघी आत गेलो, तू बाबांचं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलंस. काकू म्हणाल्या, "मग?" मग बाबांच्या बोटातली अंगठी निघेना, नर्सने क्रीम आणलं. "मग?" मग पार्किंगमध्ये गाडी कुठल्या मजल्यावर लावली तेच आठवेना, तीन मजले चालत फिरलो, बर्फ आत येत होतं, तू पुढे आणि मी मागे. "मी रडले का?" काकूंनी विचारलं. "नाही," इला म्हणाली. "मी पण नाही." "मग?" मग मी ड्राइव्ह केलं, तू म्हणालीस लेन बदल, पुढे काम चालू आहे. घरी आलो. तू बूट काढून रॅकवर ठेवलेस, माझे पण ठेवलेस.

"मग?"

"मग तू मला विचारलंस, जेवलीस का?" इला थांबली. हे शब्द तिने मराठीत म्हटले होते. "मला इतका राग आला. बाबा गेले आणि तू जेवणाचं विचारतेयस. मी वर निघून गेले. तू जिन्यातून दोनदा विचारलंस. मी दार लावून घेतलं."

"आणि खाल्लं काय मग?"

"काही नाही."

"सकाळपासून?"

"आदल्या दिवसापासून, मॉम. मी सरळ शिकागोहून आले होते."

"उपाशी झोपलीस?" काकू म्हणाल्या. त्यांनी ते दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. खालचा ओठ थरथरायला लागला, मग हनुवटी, मग खांदे. चार वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघत होते. फार वाईट रडल्या. सिनेमावाल्यांना हवं होतं तसं नाही, पण मोठ्याने, तोंड उघडं टाकून, नाक गळत. माझी पोर उपाशी झोपली, एवढंच पुन्हापुन्हा. इलाने टेबलावरून हात पुढे केला आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला.

मी पाठ करून उभी होते. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं आणि तेच बरं होतं.

बऱ्याच वेळाने इला म्हणाली, मराठीत, शब्द शोधत शोधत, "मेच्या बारा तारखेला ये. डूलाला सांगते मी. तू ये."